आधी एका खोक्याचा हिशेब दे

तुझी फाईल मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. कागद चांगला आहे, छपाई देखणी आहे, आणि हिशेब कुठेही नाही. अकरावी-बारावीला मी तुला पुस्तपालन शिकवलं. किर्द झाली, खतावणी झाली, तेरीज झाली, ताळेबंद जुळवता आला. परीक्षेत जुळला, गुण मिळाले, विषय संपला, असंच समजलास ना? आज आईच्या दागिन्यांवर दोन लाखांचं सोनेतारण कर्ज काढून ऑनलाइन दुकान काढायला निघालास, आणि त्या विषयातलं एक अक्षर या फाईलमध्ये दिसत नाही. मला राग आलाय. तुझ्या वयाची बरीच पोरं-पोरी अशाच फायली घेऊन येतात, म्हणून हे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलते.

तुझं अंदाजपत्रक तुलाच वाचून दाखवते. वेबसाइट 85,000. लोगो आणि ब्रँडिंग 25,000. फोटोशूट 20,000. इन्स्टाग्रामवर रील करणाऱ्या दोघींना मिळून 30,000. नाव छापलेले 5,000 डबे, 40,000. एकूण 2,00,000. बेरीज बरोबर आहे. आता सांग, दुकान उघडेल त्या दिवशी तुझ्या हातात किती रुपये असतील? एकही नाही. मग पोहे कशाने आणणार? शेंगदाणे, डाळं, खोबरं, तेल? साताऱ्याहून पहिलं पार्सल नागपूरला जायचं, तर कुरिअरचं भाडं कोण भरणार? तू चिवडा, चकली, भाजणी आणि गोडा मसाला विकायला बसणार आहेस, आणि दोन लाखांच्या यादीत तेलाचा एक डबासुद्धा नाही. हे दुकानाच्या उद्घाटनाचं अंदाजपत्रक झालं. दुसऱ्या दिवसापासून दुकान चालायचं कशावर, याचा विचार त्यात नाही.

भांडवली खर्च आणि महसुली खर्च यातला फरक मी वर्गात किती वेळा सांगितला असेल! एकदा होतो आणि वर्षानुवर्षं उपयोगी पडतो, तो भांडवली. रोज होतो, महिन्याला होतो, प्रत्येक विक्रीमागे होतो, तो महसुली. छोटा धंदा या दुसऱ्या खर्चाने बुडतो, कारण तो बारीक असतो, आणि बारीक आहे म्हणून कोणी तो लिहून ठेवत नाही. तुझी यादी बहुतेक पहिल्या प्रकारातली. तीही पूर्ण बरोबर नाही, पण त्याकडे मग येऊ.

वही काढ. एका खोक्याचा हिशेब मांडू.

अर्धा किलो पोह्यांचा चिवडा तू 350 रुपयांना विकणार, आणि वर 'भारतभर घरपोच मोफत' लिहिणार. 22 सप्टेंबर 2025 पासून पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. म्हणजे 350 मधले 16 रुपये 67 पैसे सरकारचे. ते तुझे नव्हेतच. तुझ्याकडे राहिले 333 रुपये 33 पैसे. साहित्य आणि गॅस मिळून 130 धरू. पाऊच, खोकं, लेबल आणि टेप 35. कुरिअर 110. पेमेंट गेटवेचे 2 टक्के, म्हणजे 7. कुरिअर आणि गेटवे दोन्हींच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो. तो मी धरतच नाही, कारण नोंदणी करून विवरणपत्रं वेळेवर भरलीस तर त्याचं क्रेडिट मिळेल. जिथे तुझ्या बाजूने मोजता येईल तिथे तुझ्याच बाजूने मोजते आहे. तरी 282 गेले. उरले 51 रुपये 33 पैसे.

आता जाहिरात. इन्स्टाग्रामवर 3,000 रुपये घातलेस आणि त्यातून 30 नवी गिऱ्हाइकं आली असं समजू. अनोळखी नावाच्या चिवड्याला इतकी मिळाली तर ती मी चांगलीच म्हणेन. दर खोक्यामागे 100 रुपये पडले. म्हणजे प्रत्येक खोक्यामागे 48 रुपये 67 पैसे तोटा. जितकं जास्त विकशील तितका जास्त बुडशील. तू फाईलच्या तिसऱ्या पानावर लिहिलं आहेस की पहिल्या महिन्यात 500 ऑर्डर घेणार. या दराने 500 ऑर्डर म्हणजे 24,335 रुपयांचा खड्डा. हा गुणाकार करायला कोणती वेबसाइट लागत होती? पेन्सिल पुरली असती.

कुरिअरचे 110 कुठून आले, हेही तुला विचारावंसं वाटलं नाही. अर्धा किलो चिवड्याला एवढं भाडं का? कारण कुरिअर कंपनी नुसतं वजन बघत नाही, खोकं किती जागा अडवतं तेही बघते. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि बहुतेक कंपन्यांच्या नियमाप्रमाणे 5,000 ने भागायचं. येईल ते किलोमधलं आकारमानी वजन. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यातलं जे जास्त, त्यावर भाडं. तुझा नमुन्याचा डबा मी पट्टी लावून मोजला. बाहेरच्या खोक्यासकट 25 बाय 20 बाय 15. गुणाकार 7,500. भागिले 5,000, म्हणजे दीड किलो. काट्यावर पाऊण किलोही न भरणारं पार्सल भाड्याच्या पावतीवर दीड किलोचं होतं. भाडं अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्याने चढतं, म्हणजे तू तीन टप्प्यांचे पैसे भरणार. डबा ठरवताना तू डिझायनरला विचारलंस, आईला विचारलंस, मित्रांना विचारलंस. तो डबा वाहून नेणाऱ्याला विचारलं नाहीस.

आणि मापात लपवाछपवी चालत नाही. तू कुरिअर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धा किलो लिहिलंस तरी त्यांच्या केंद्रावर यंत्र पुन्हा मोजतं, आणि फरकाची रक्कम तू आगाऊ भरलेल्या वॉलेटमधून परस्पर कापली जाते. होय, आगाऊ. बहुतेक ठिकाणी वॉलेटमध्ये आधी पैसे भरायचे, मगच पार्सल उचललं जातं. गिऱ्हाइकाचे पैसे गेटवेकडून तुझ्या खात्यात यायला दोन-तीन कामाचे दिवस जातात. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर पार्सल पोचल्यावर आणखी आठवडाभर. दरम्यान पुढच्या ऑर्डरीसाठी पोहे आणायचे असतात, तेल आणायचं असतं. यालाच खेळतं भांडवल म्हणतात. चांगला माल, चांगली विक्री असूनही दिवाळीच्या ऐन तोंडावर लोकांची दुकानं अडतात, ती इथे. दिवाळीत तुझी बहुतेक विक्री दोन-तीन आठवड्यांत होणार, पण तिचं सामान त्याआधी भरावं लागणार. ते भरायला तुझ्याकडे काय आहे? छापलेले डबे.

कॅश ऑन डिलिव्हरीचं नाव निघालंच आहे, तर तेही मांड. गिऱ्हाइकाने ऑर्डर दिली, पार्सल दारात गेलं, घरात कोणी नव्हतं किंवा विचार बदलला. पार्सल परत. जायचे 110, यायचेही साधारण तेवढेच. खोकं, पाऊच, टेप यांचे 35 गेले. चिवडा दहा-बारा दिवस प्रवास करून, उन्हात तापून, चुरा होऊन परत आला. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला पाठवायची हिंमत तू करणार नाहीस, आणि केलीस तर पुन्हा माझ्यासमोर येऊ नकोस. त्याचे 130 गेले. एकूण 385. एका चांगल्या विक्रीत 51 रुपये सुटतात. म्हणजे परत आलेलं एक खोकं भरून काढायला आठ खोकी नीट पोचावी लागतात. परतीसाठी तुझ्या फाईलमध्ये एक रुपया नाही. चकली तर चिवड्यापेक्षाही नाजूक. फुटकी चकली हातात पडलेलं गिऱ्हाईक फोटो पाठवून पैसे मागणार, आणि ते त्याचे हक्काचे आहेत. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम 2020 मध्ये आले. तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा, असं त्यात आहे. तो खर्च लिहायचा कुठे? परतीचं खातं उघडलंच नाहीस.

आता महिन्याचे ठरलेले खर्च. दुकानाच्या मंचाचं भाडं 2,000 धर. जीएसटीची विवरणपत्रं भरणाऱ्याचे 1,500. लेबलं, टेप, फोन, किरकोळ 500. झाले 4,000. आणि कर्जाचं व्याज? दोन लाखांवर 10 टक्के धरलं तरी वर्षाचे 20,000, महिन्याचे 1,667. ज्या कर्जावर सगळी इमारत उभी, त्याचं व्याजच अंदाजपत्रकात नाही! बारावीचा मुलगा नफातोटा खात्यात व्याज लिहायला विसरला असता तर मी त्याचे गुण कापले असते. मिळून 5,667. दर खोक्यामागे 51 रुपये 33 पैसे. जाहिरात न करता, एकही पार्सल परत न येता, महिन्याला 111 खोकी गेली पाहिजेत. तेव्हा कुठे ना नफा, ना तोटा. म्हणजे साडेपंचावन्न किलो चिवडा.

तो परतणार कोण?

तुझी आई. फाईलमध्ये तिचा फोटो आहे, 'आईच्या हातची चव' असं ठळक अक्षरात लिहिलं आहे, आणि तिची मजुरी एकाही ओळीत नाही. साडेपंचावन्न किलो चिवडा म्हणजे रोज पहाटे उठून जवळजवळ दोन किलो परतायचा, गार करायचा, भरायचा, वजन करायचं, तोंड बंद करायचं. वर चकली, वर भाजणी भाजायची. कढईसमोर उभं राहून उन्हाळ्यात काय होतं हे तुला माहीत नसेल, मला माहीत आहे. हे सगळं करून तिच्या हातात शून्य रुपये येणार, आणि गहाण पडणार तेही तिचेच दागिने. घरातल्या बाईचे कष्ट फुकट धरले की धंदा नफ्यात दिसतो. हा खोटा नफा आहे. किलोमागे 60 रुपये मजुरी लिही. कमीच आहे, तरी लिही. अर्ध्या किलोच्या खोक्यात 30 गेले की उरतात 21 रुपये 33 पैसे, आणि 111 खोक्यांची होतात 266. आता तो 'आईच्या हातची चव'वाला मजकूर पुन्हा वाच आणि तुला काय वाटतं ते सांग.

मध्येच तू म्हणालास, "बाई, सुरुवातीला तोटा होतोच, अ‍ॅमेझॉनलाही झाला होता." हे वाक्य मी या एका वर्षात कितीतरी मुलांकडून ऐकलं, म्हणून त्याचं नीट उत्तर देते. अ‍ॅमेझॉन 1994 साली सुरू झाली आणि पूर्ण वर्षाचा नफा तिने पहिल्यांदा 2003 मध्ये दाखवला, हे खरं आहे. पण मधल्या काळात तो तोटा कोणी सोसला? 1997 मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. गुंतवणूकदारांनी, रोखेधारकांनी समजून उमजून पैसा घातला होता, आणि बुडाला असता तर तो सोसण्याची त्यांची ऐपत होती. तुझ्या मागे कोण आहे? त्याच काळातल्या वेबव्हॅनचं नाव तू ऐकलं नसशील. अमेरिकेतली ती कंपनी ऑनलाइन किराणा पोचवायची. 1999 मध्ये शेअर बाजारात आली. गिऱ्हाईक स्थिर होण्याआधीच एकेका शहरात प्रचंड यांत्रिक गोदामं बांधण्याचे अब्ज डॉलरचे करार केले, आणि जुलै 2001 मध्ये दिवाळखोरीत गेली. गिऱ्हाइकाआधी गोदाम बांधणं आणि गिऱ्हाइकाआधी 5,000 डबे छापणं यात चूक एकच आहे.

त्या डब्यांबद्दल बोलू. डब्याच्या नमुन्यावर तुझा लोगो आहे, नक्षी आहे, आईचं चित्र आहे. अन्न सुरक्षेचा 14 अंकी क्रमांक नाही. शाकाहाराचं हिरवं चिन्ह नाही. निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, तयार केल्याचा महिना, घटक पदार्थ, पोषणमूल्यांचा तक्ता, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जीसूचना, तक्रारीसाठी पत्ता आणि फोन, काहीच नाही. पॅकबंद मालाचे वैधमापनाचे नियम 2011 चे आहेत, काही नवे नाहीत. चिवडा, चकली आणि भाजणी यांचे घटक वेगळे, वजन वेगळं, किंमत वेगळी. एकाच छापील डब्यात तिन्ही कशी भरणार? क्रमांक मिळायच्या आत 5,000 डबे छापून घेणं म्हणजे 40,000 रुपयांची रद्दी विकत घेणं. साधी थ्री प्लाय खोकी घे आणि प्रत्येक मालाचं वेगळं स्टिकर छाप. किंमत बदलली तर स्टिकर बदलता येतं. आणि वजनकाटा वैधमापन खात्याचा शिक्का असलेलाच घे. घरातल्या स्वयंपाकाच्या काट्यावर माल विकायचा नसतो.

लोगोवर 25,000 घालण्याआधी ते नाव दुसऱ्या कोणाच्या मालकीचं आहे का, हे तपासलंस? ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर नावाचा शोध फुकट घेता येतो. एका व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला 4,500 रुपये आहे; मसाले आणि अशा पदार्थांचा वर्ग 30. पाचपट पैसे चित्रावर घालून नाव मोकळंच सोडलंस. आणि उद्यम नोंदणी करून देण्याचे पैसे एका एजंटने मागितले म्हणालास. ती सरकारी संकेतस्थळावर पूर्ण फुकट होते. एक पैसा देऊ नकोस.

वेबसाइटवर मी फार वेळ घालवणार नाही, पण 85,000 च्या कोटेशनमध्ये दोन ओळी आहेत, त्यावर बोट ठेवते. 'डोमेन आणि होस्टिंग पहिलं वर्ष मोफत.' दुसऱ्या वर्षी किती? लिहिलेलं नाही. पहिल्या वर्षी स्वस्त आणि नूतनीकरणाला महाग, हा या धंद्यातला सर्रास प्रकार आहे. आणि डोमेन कोणाच्या नावावर नोंदणार? कोटेशनमध्ये 'आमच्या खात्यातून' असं आहे. म्हणजे उद्या भांडण झालं तर दुकानाची पाटी त्यांच्या हातात. डोमेन स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या पैशाने घ्यायचं. दुकान चालवायचं मूळ सॉफ्टवेअर फुकटही मिळतं, वूकॉमर्ससारखं. कारागिराची मजुरी द्यावी, जरूर द्यावी. पण तो नेमकं काय करून देणार आणि पुढच्या वर्षी दुरुस्तीचे किती घेणार, हे कागदावर आल्याशिवाय नाही.

करांचं तू एका ओळीत आटोपलंस: '40 लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही.' अर्धवट माहिती माहिती नसण्यापेक्षा वाईट असते. 40 लाखांची सूट आहे ती राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला. करपात्र मालाचं एक पार्सल बेळगावला किंवा हैदराबादला गेलं की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. तू 'भारतभर' लिहून बसलास. नोंदणी झाली की विक्री असो नसो, विवरणपत्र भरायचं. उशीर झाला तर कोऱ्या विवरणपत्रालाही दिवसाला 20 रुपये पडतात, इतर वेळी 50. कोणी मोठ्या बाजारमंचांवरून राज्यातच विकणार असेल, तर 1 ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्याला पूर्ण नोंदणीशिवाय, नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन विकण्याची सोय झाली आहे. हे शोधायला अर्धा तास लागतो. तू फोटोशूटसाठी जागा शोधण्यात किती वेळ घालवलास?

आणि अमेरिकेतल्या मावसबहिणीच्या भरवशावर 'परदेशात फराळ' असं जे पान जोडलं आहेस, ते फाडून टाक. 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलना तिथे जी करमाफी होती, ती 29 ऑगस्ट 2025 पासून बंद झाली. खाण्याचा माल पाठवायचा तर तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाला आगाऊ कळवावं लागतं. आधी कोल्हापूर आणि नाशिक सांभाळ.

आता गप्प बसून ऐक, कारण मी तुला नुसतं झापायला बोलावलेलं नाही. तुझा माल चांगला आहे. आईचा चिवडा मी खाल्ला आहे, भाजणी घरी नेली आहे. म्हणूनच हा राग. वाईट मालाचं दुकान बुडालं असतं तर मला काही वाटलं नसतं.

त्याच 25 बाय 20 बाय 15 च्या खोक्यात अर्ध्या किलोचे दोन पाऊच बसतात. मी बसवून पाहिले. प्रत्यक्ष वजन दीड किलोच्या आतच राहतं, म्हणजे कुरिअर तेवढंच. मग अर्धा किलो विकतोसच कशाला? किमान ऑर्डर एक किलोची ठेव. दोन पाऊच कोणतेही घ्या, एक चिवडा आणि एक भाजणी घ्या. 700 रुपये, वर पाठवणीचा खर्च नाही. भाजणीचा कर आणि खर्च वेगळे निघतील, ते तू मांड. मी दोन्ही पाऊच चिवड्याचे धरते. कर वजा जाता 666 रुपये 67 पैसे. साहित्य 260, पॅकिंग 55, कुरिअर 110, गेटवे 14, आईची मजुरी 60. उरले 167 रुपये 67 पैसे. मघाशी 266 खोकी लागत होती, आता त्याच 5,667 रुपयांसाठी 34 पुरतात. आईची मजुरी देऊन. कोणती रील, कोणता लोगो हे करून देणार होता?

अजून पुढे जा. पहिली दिवाळी फक्त महाराष्ट्रात विक. मंचाचं भाडं नको, विवरणपत्रं नकोत. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर मालाची यादी फुकट लावता येते. पैसे थेट यूपीआयवर घे. 1 जानेवारी 2020 पासून त्यावर व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे व्यवहाराचं शुल्क, नाही. कॅश ऑन डिलिव्हरी बंद. अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र पहिल्या पाऊचच्या आधी. कर्ज 60,000 च. त्यातले 15,000 कच्च्या मालाला, 12,000 कुरिअरच्या वॉलेटला, 12,000 काटा, पाऊच सील करायचं यंत्र आणि लेबल छापायच्या छोट्या प्रिंटरला, 8,000 खोकी आणि स्टिकरला, 7,000 नोंदण्यांना, ट्रेडमार्कही त्यातच. 6,000 परतीसाठी आणि तुटफुटीसाठी वेगळ्या खात्यात. ते दुसऱ्या कशालाही लावायचे नाहीत. जीएसटी नोंदणी नाही म्हणून कुरिअरवरचा कर तुझ्या अंगावर येईल, 110 चे 130 होतील, खोकी आणि लेबलंही थोडी महाग पडतील, 60 धरू. तरी 700 मधून साहित्य, पॅकिंग, कुरिअर, आईची मजुरी गेल्यावर 190 उरतात. व्याज 500 आणि किरकोळ 500 धरून महिन्याला 1,000 चा खर्च. सहा खोक्यांत भागतो. सातव्या खोक्यापासून तुझी कमाई.

हे आकडे माझे आहेत, तुझे वेगळे निघतील. पोह्यांचा भाव बदलेल, तुझ्या गावातलं कुरिअर वेगळा दर देईल. तीन कंपन्यांचे दर लेखी आण, खोकं भरून त्यांच्या काट्यावर ठेव, आईसोबत बसून एका किलोला किती तेल आणि किती गॅस लागतो ते मोज. पहिल्या 50 खोक्यांची एकेक नोंद ठेव. कुठे गेलं, किती दिवसांत पोचलं, भाडं किती लागलं, काय फुटलं, त्याच गिऱ्हाइकाने पुन्हा मागवलं का. पुन्हा मागवणाऱ्याला जाहिरातीचा खर्च नसतो, म्हणून ती नोंद सगळ्यात मोलाची. ही वही दिवाळीनंतर मला दाखव. ती नीट असेल, तर वेबसाइट कितीची करावी हे तूच मला सांगशील, आणि कर्जाला शिफारस लागली तर बँकेत मी तुझ्याबरोबर येईन. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांना प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के अनुदान देणारी केंद्राची योजना 2020 मध्ये आली; ती सुरू असेल, तर तिच्यासाठीही बँकेला हीच वही लागेल.

छापखान्याला डब्यांची ऑर्डर नक्की करण्याचा फोन तू आज संध्याकाळी करणार होतास. तो करू नकोस.